दुहेरी ग्राफिक्स कार्ड प्रणाली

दुहेरी ग्राफिक्स कार्ड प्रणाली म्हणजे एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवून त्यांच्याकडून एकाच गेमच्या चित्रणाचे काम वाटून करून घेण्याची व्यवस्था होय. एनव्हिडिया या कंपनीची अशी प्रणाली एसएलआय या नावाने, तर एटीआय आणि पुढे एएमडी या कंपनीची क्रॉसफायर या नावाने ओळखली जात असे. १९९८ ते २०२० या काळात संगणकावर गेम खेळणाऱ्यांपुढे, विशेषतः जुन्या संगणकाची क्षमता वाढवताना, एक नेहमीचा प्रश्न असे : आहे त्याच प्रकारचे दुसरे कार्ड शेजारी बसवावे, की जुने काढून एकच अधिक शक्तिशाली कार्ड घ्यावे?

कागदावर पाहता दुसरे कार्ड घेतल्याने गणनक्षमता दुप्पट होते. प्रत्यक्षात मात्र दोन कार्डे मिळून एका सेकंदात अधिक फ्रेम्स तयार करतात. एक फ्रेम तयार होण्यास लागणारा वेळ बहुतेक वेळा कमी होत नाही. शिवाय हा लाभ प्रत्येक गेममध्ये मिळत नाही. या दोन मर्यादांमुळे गेमसाठी दुहेरी कार्डांचा वापर हळूहळू मागे पडला. २०२० नंतरच्या ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत गेमपुरता हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला आहे. चित्रफितींचे व त्रिमितीय दृश्यांचे प्रस्तुतीकरण, यंत्र शिक्षण अशा कामांसाठी मात्र एकापेक्षा अधिक कार्डे आजही उपयोगी पडतात.

## पार्श्वभूमी

संगणकाच्या पडद्यावर दिसणारा गेम हा एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांचा प्रवाह असतो. यातील प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० फ्रेम्स दाखवायच्या असल्यास प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे ३३.३ मिलिसेकंद, ६० फ्रेम्ससाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद आणि १४४ फ्रेम्ससाठी सुमारे ६.९ मिलिसेकंद एवढाच वेळ उपलब्ध असतो.

फ्रेम तयार करण्याचे काम दोन टप्प्यांत होते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर पात्रांच्या हालचाली, टक्कर, खेळाडूने दाबलेली बटणे इत्यादींचा हिशेब करून काय चित्रित करायचे याच्या सूचना तयार करतो. ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, त्या सूचनांनुसार प्रत्येक बिंदूचा रंग ठरवतो. पडद्यावरील बिंदूंची संख्या वाढली की जीपीयूवरील भार वाढतो. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर ३८४० × २१६० बिंदूंच्या पडद्यावर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८२.९ लाख. त्यामुळे मोठ्या पडद्यावर गेम खेळू इच्छिणाऱ्यांना एका कार्डाची क्षमता अपुरी वाटणे स्वाभाविक होते. याच गरजेतून दोन कार्डांची कल्पना पुढे आली.

## इतिहास

### थ्रीडीएफएक्सचा प्रयोग

दोन कार्डांची प्रणाली घरगुती वापरासाठी लोकप्रिय करण्याचे श्रेय थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीला दिले जाते. तिचे व्हूडू २ हे कार्ड १९९८ मध्ये बाजारात आले. ते केवळ त्रिमितीय चित्रणासाठी असल्याने संगणकात साध्या चित्रणाचे वेगळे कार्डही लागत असे. दोन व्हूडू २ कार्डे पट्टीसारख्या वायरीने जोडल्यास एक कार्ड पडद्यावरील सम क्रमांकाच्या आडव्या ओळी आणि दुसरे विषम क्रमांकाच्या ओळी रंगवीत असे. या पद्धतीला स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, म्हणजेच एसएलआय असे नाव होते. एकट्या व्हूडू २ वर गेम जास्तीत जास्त ८०० × ६०० बिंदूंत चालत. दोन कार्डांच्या जोडीवर ही मर्यादा १०२४ × ७६८ पर्यंत जाई.

एटीआयने १९९९ मध्ये रेज फ्युरी मॅक्स या एकाच कार्डावर दोन चिपा बसवल्या. त्यांतील एक चिप एक फ्रेम आणि दुसरी चिप पुढची फ्रेम तयार करीत असे. थ्रीडीएफएक्सने २००० मध्ये दोन चिपांचे व्हूडू ५ ५५०० हे कार्ड आणले. त्याच मालिकेतील चार चिपांचे ६००० हे कार्ड विक्रीस येऊ शकले नाही. आर्थिक अडचणीत आलेल्या थ्रीडीएफएक्सची प्रमुख मालमत्ता विकत घेण्याचा निर्णय एनव्हिडियाने डिसेंबर २००० मध्ये जाहीर केला.

### एसएलआय आणि क्रॉसफायर

त्या काळच्या संगणकांत ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी हा स्लॉट असे आणि सर्वसाधारण मदरबोर्डावर तो एकच असे. २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस ही जोडणी प्रचारात आल्यावर एका मदरबोर्डावर दोन ग्राफिक्स कार्डे बसवणे सोपे झाले. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स ६ मालिकेसोबत एसएलआय हे नाव पुन्हा वापरात आणले. आद्याक्षरे तीच असली, तरी आता त्यांचा विस्तार स्केलेबल लिंक इंटरफेस असा होता आणि काम वाटण्याची पद्धतही वेगळी होती. दोन्ही कार्डे ब्रिज नावाच्या छोट्या पट्टीने एकमेकांना जोडली जात.

एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर जाहीर केले. सुरुवातीला त्यासाठी एक खास मुख्य कार्ड आणि संगणकाच्या मागच्या बाजूने जोडायची वायर लागत असे. पुढे ही जोडणी कॅबिनेटच्या आत आली. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली. २०१३ मधील रेडिऑन आर९ २९० मालिकेपासून क्रॉसफायरसाठी ब्रिजची गरज उरली नाही. माहितीची देवाणघेवाण पीसीआय एक्सप्रेसमधूनच होऊ लागली.

एसएलआयसाठी दोन्ही कार्डांवरील जीपीयूचे मॉडेल एकच असावे लागे. क्रॉसफायरमध्ये एकाच कुळातील दोन वेगळी मॉडेले जोडण्याची काही प्रमाणात मुभा होती.

### एका कार्डावर दोन जीपीयू

ज्यांच्या मदरबोर्डावर दुसरा स्लॉट नव्हता त्यांच्यासाठी कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन जीपीयू बसवलेली उत्पादनेही काढली. जीफोर्स ७९५० जीएक्स२ (२००६), रेडिऑन एचडी ४८७० एक्स२ (२००८), जीफोर्स जीटीएक्स ६९० (२०१२) आणि रेडिऑन आर९ २९५एक्स२ (२०१४) ही त्यांची उदाहरणे होत. यांतील शेवटच्या कार्डाचा विजेचा वापर ५०० वॅटच्या घरात असल्याने त्याला कारखान्यातूनच द्रव-शीतन जोडलेले असे. ही कार्डे बाहेरून एक दिसत असली तरी आतून ती दुहेरी प्रणालीच होती. त्यामुळे दोन कार्डांचे सर्व गुणदोष त्यांनाही लागू होत.

## कार्यपद्धती

### पर्यायी फ्रेम पद्धत

एसएलआय आणि क्रॉसफायरमध्ये सर्वाधिक वापरली गेलेली ही पद्धत आहे. हिच्यात पहिली, तिसरी, पाचवी अशा फ्रेम्स एक कार्ड तयार करते आणि दुसरी, चौथी, सहावी अशा फ्रेम्स दुसरे कार्ड तयार करते. प्रत्येक कार्ड संपूर्ण फ्रेमवर काम करीत असल्याने कामाची विभागणी सोपी असते आणि सरासरी फ्रेमसंख्येत मोठी वाढ मिळू शकते.

या पद्धतीतील महत्त्वाची बाब अशी, की प्रत्येक फ्रेम तयार होण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो. एका कार्डाला एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद लागत असतील, तर त्यावर सेकंदाला ३० फ्रेम्स मिळतात. दोन कार्डांवर आदर्श स्थितीत ६० फ्रेम्स मिळतात, परंतु त्यांतील प्रत्येक फ्रेम अजूनही ३३.३ मिलिसेकंद खर्चूनच तयार झालेली असते. त्यामुळे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा विलंब एका वेगवान कार्डावर मिळणाऱ्या ६० फ्रेम्सच्या तुलनेत अधिक राहतो. चित्र अधिक प्रवाही दिसते, पण खेळाडूच्या हाताला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात सुधारत नाही.

### विभाजित फ्रेम पद्धत

या पद्धतीत एकच फ्रेम दोन भागांत विभागली जाते. उदाहरणार्थ, वरचा भाग एक कार्ड आणि खालचा भाग दुसरे कार्ड रंगवते. यामुळे प्रत्येक फ्रेमचा वेळ खरोखर कमी होऊ शकतो. तथापि दृश्याच्या दोन भागांतील काम क्वचितच समान असते. वर मोकळे आकाश आणि खाली गर्दीचा बाजार असल्यास वरचे कार्ड काम लवकर संपवून थांबून राहते. शिवाय दृश्यातील वस्तूंच्या भूमितीचा हिशेब बहुधा दोन्ही कार्डांना करावा लागतो. त्यामुळे सरासरी फ्रेमसंख्येतील वाढ पर्यायी फ्रेम पद्धतीपेक्षा कमी असे आणि ही पद्धत फार थोड्या गेममध्ये वापरली गेली. २०१४ मधील ‘सिव्हिलायझेशन : बियाँड अर्थ’ या गेमने एएमडीच्या मँटल या प्रणालीद्वारे ती वापरली होती.

### ड्रायव्हरमधील प्रोफाइल

एसएलआय आणि क्रॉसफायरमध्ये काम वाटण्याची जबाबदारी मुख्यतः ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड आणि कार्यप्रणाली यांतील दुवा असलेल्या आज्ञावलीवर असे. एखादा गेम दोन कार्डांवर नीट चालावा यासाठी त्या गेमचे प्रोफाइल ड्रायव्हरमध्ये असणे आवश्यक होते. नवा गेम प्रसिद्ध झाल्यावर त्याचे प्रोफाइल येईपर्यंत दुसरे कार्ड अनेकदा निष्क्रिय राही. काही वेळा ते चालू ठेवल्यास चित्र लुकलुकणे, सावल्या चुकीच्या दिसणे असे दोष उद्भवत आणि खेळाडूंना ते कार्ड स्वतःहून बंद करावे लागे.

## मर्यादा

### मेमरीची बेरीज होत नाही

दुहेरी कार्डांविषयीचा सर्वांत प्रचलित गैरसमज मेमरीसंबंधी आहे. प्रत्येकी ४ जीबी मेमरी असलेली दोन कार्डे लावल्यास गेमसाठी ८ जीबी मेमरी उपलब्ध होते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पर्यायी फ्रेम पद्धतीत प्रत्येक कार्डाला पूर्ण दृश्य रंगवायचे असल्याने पृष्ठभागांची चित्रे, वस्तूंची भूमिती इत्यादी सर्व माहिती दोन्ही कार्डांवर स्वतंत्रपणे साठवावी लागते. त्यामुळे उपयुक्त मेमरी ४ जीबीच राहते. एका कार्डावर मेमरीच्या कमतरतेमुळे गेम अडखळत असेल, तर तसेच दुसरे कार्ड लावून ती अडचण दूर होत नाही.

### सूक्ष्म अडखळ

सेकंदाला सरासरी किती फ्रेम्स मिळतात यावरून गेम किती सुरळीत चालतो हे पूर्णपणे कळत नाही. दोन कार्डांच्या फ्रेम्स समान अंतराने न येता जोडीजोडीने येऊ शकतात. एक फ्रेम १० मिलिसेकंदांनी, पुढची २३.३ मिलिसेकंदांनी, त्यानंतरची पुन्हा १० मिलिसेकंदांनी असा क्रम असल्यास सरासरी अंतर सुमारे १६.७ मिलिसेकंद येते आणि मापनात सेकंदाला ६० फ्रेम्स दिसतात. डोळ्यांना मात्र लांब अंतरे जाणवतात आणि हालचाल सेकंदाला सुमारे ४३ फ्रेम्स असाव्यात इतपतच प्रवाही वाटते. या दोषाला सूक्ष्म अडखळ म्हणजेच मायक्रोस्टटर असे म्हणतात.

२०११ मध्ये द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाने सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याची पद्धत पुढे आणली. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट हे साधन उपलब्ध करून दिले. यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला ठरावीक रंगाची पट्टी उमटवली जाते आणि पडद्याकडे जाणारे चित्र दुसऱ्या संगणकावर मुद्रित करून त्या पट्ट्यांचे विश्लेषण केले जाते. अशा मापनांतून तत्कालीन क्रॉसफायर प्रणालींत काही फ्रेम्स पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्याच दिसत असल्याचे उघड झाले; सरासरीत त्या मोजल्या जात, पण खेळाडूला त्यांचा उपयोग होत नसे. ऑगस्ट २०१३ मध्ये एएमडीने फ्रेम्समधील अंतर समान राखणारा ड्रायव्हर प्रसिद्ध केला. या घडामोडींनंतर ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणांत सरासरीसोबत सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा वेग देण्याची प्रथा रुजली.

### मुख्य प्रोसेसरचा अडसर

मुख्य प्रोसेसर सेकंदाला ७० फ्रेम्सच्याच सूचना तयार करू शकत असेल, तर कितीही ग्राफिक्स कार्डे लावली तरी ७० हून अधिक फ्रेम्स मिळणार नाहीत. जुन्या संगणकात दुसरे कार्ड लावूनही अपेक्षित वाढ न दिसण्याचे हे एक सामान्य कारण होते. ही मर्यादा एका शक्तिशाली कार्डालाही लागू होते. मात्र दोन कार्डांत काम वाटण्याचा अतिरिक्त भारही मुख्य प्रोसेसरवरच पडत असल्याने तेथे ती लवकर गाठली जाते.

### वीज, उष्णता आणि जागा

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट वीज घेता येते. दोन कार्डांसाठी या जोडण्या दुप्पट लागतात. संगणकाचा एसएमपीएस त्या क्षमतेचा नसल्यास तोही बदलावा लागतो आणि स्वस्त वाटलेला पर्याय महाग पडतो.

उभ्या कॅबिनेटमध्ये दोन कार्डे एकाखाली एक बसतात. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीकडे तोंड करून असल्याने त्यांना तापलेली हवा मिळते. परिणामी वरचे कार्ड अधिक तापते, पंख्यांचा आवाज वाढतो आणि तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास कार्ड आपला वेग कमी करते. याशिवाय घरगुती वापराच्या अनेक प्रोसेसरांत ग्राफिक्ससाठी पीसीआय एक्सप्रेसच्या १६ मार्गिका असतात; दोन कार्डे लावल्यावर त्या प्रत्येकी ८ अशा विभागल्या जातात.

## एक उदाहरण : जीटीएक्स ९७० ची जोडी

एक की दोन कार्डे हा प्रश्न खेळाडूंपुढे कशा रूपात येई, हे एनव्हिडियाच्या जीफोर्स जीटीएक्स ९७० या कार्डावरून स्पष्ट होते. हे कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये ३२९ अमेरिकी डॉलर या किमतीस बाजारात आले. जून २०१५ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९८० टीआय या कार्डाची किंमत ६४९ डॉलर होती. म्हणजे जवळपास सारख्याच पैशांत दोन ९७० किंवा एक ९८० टीआय घेता येत असे. जून २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० हे पुढील पिढीचे कार्ड ३७९ डॉलरपासून उपलब्ध झाले. ज्याच्याकडे एक ९७० आधीच होते, त्याच्यापुढे दुसरे ९७० घेणे किंवा ते विकून १०७० घेणे असे पर्याय निर्माण झाले.

| बाब | जीटीएक्स ९७० (दोन) | जीटीएक्स ९८० टीआय (एक) | जीटीएक्स १०७० (एक) |
|---|---|---|---|
| गणन-गाभे | ३,३२८ | २,८१६ | १,९२० |
| सैद्धांतिक गणनक्षमता | सुमारे ७.८ टेराफ्लॉप | सुमारे ६.१ टेराफ्लॉप | सुमारे ६.५ टेराफ्लॉप |
| गेमसाठी उपयुक्त मेमरी | ४ जीबी | ६ जीबी | ८ जीबी |
| घोषित वीजवापर | २९० वॅट | २५० वॅट | १५० वॅट |

पहिल्या दोन ओळी पाहिल्यास ९७० ची जोडी सरस ठरते. परंतु ही क्षमता केवळ दोन्ही कार्डे पूर्णपणे कामात असतानाच मिळते. ज्या गेममध्ये एसएलआयची सोय नाही तेथे ती निम्म्यावर, म्हणजे सुमारे ३.९ टेराफ्लॉपवर येते. उरलेल्या दोन ओळींत एकटे कार्डच पुढे आहे. त्यातही ९७० च्या ४ जीबी मेमरीपैकी ३.५ जीबी वेगवान आणि उरलेली अर्धा जीबी बरीच मंद असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. दुसरे कार्ड लावल्याने ही मर्यादा हटत नव्हती.

वीजवापराचा फरकही नगण्य नव्हता. ९७० ची जोडी आणि एक १०७० यांच्या घोषित वीजवापरात १४० वॅटचे अंतर आहे. रोज चार तास पूर्ण भाराने गेम खेळल्यास महिन्याला सुमारे १७ युनिट वीज अधिक लागते.

### लाभाचा हिशेब

अशा निवडीचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो. समजा, सध्याच्या एका कार्डावर सेकंदाला ४० फ्रेम्स मिळतात. तसेच दुसरे कार्ड लावल्यास, सोय असलेल्या गेममध्ये ८० टक्के वाढ होऊन ७२ फ्रेम्स मिळतात आणि सोय नसलेल्या गेममध्ये ४० च राहतात. याउलट एका नव्या कार्डावर सर्वच गेममध्ये ६० टक्के वाढ होऊन ६४ फ्रेम्स मिळतात. खेळाडूच्या दहा गेमपैकी सहांमध्ये दोन कार्डांची सोय असेल, तर जोडीची सरासरी ५९.२ येते, जी ६४ पेक्षा कमी आहे. दोन्ही पर्याय समान ठरण्यासाठी चारपैकी तीन गेममध्ये सोय असणे आवश्यक ठरते. आणि सरासरी समान असली, तरी चार गेमपैकी एक गेम पूर्वीइतकाच मंद चालत राहतो. बहुधा ज्या नव्या गेमसाठी खर्च करायचा तोच तो असे.

## ऱ्हास

२०१० च्या दशकाच्या मध्यापासून गेममधील चित्रणाचे तंत्र अशा दिशेने गेले की पर्यायी फ्रेम पद्धत तिथे बसेनाशी झाली. कडा गुळगुळीत करण्याच्या नव्या पद्धती, परावर्तने आणि छाया यांसाठी आधीच्या फ्रेममधील माहिती पुढच्या फ्रेममध्ये वापरली जाऊ लागली. आधीची फ्रेम दुसऱ्या कार्डावर असल्यास ती माहिती तिकडून आणेपर्यंत थांबावे लागते आणि दोन कार्डांचा फायदा संपतो. कमी बिंदूंच्या चित्रापासून अधिक बिंदूंचे चित्र घडवणारी डीएलएसएस २ यांसारखी तंत्रेही मागील फ्रेम्सवरच अवलंबून असतात.

सोय करून देण्याचा खर्च आणि तिचा लाभ घेणाऱ्यांची अल्प संख्या यांचा मेळ न बसल्याने गेम निर्मात्यांनीही हात आखडता घेतला. ‘बॅटमॅन : आर्खम नाइट’ या २०१५ मधील गेमच्या प्रकाशकाने २०१६ च्या सुरुवातीस संगणक आवृत्तीतील बहु-जीपीयू सोयीचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले.

२०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने आणि २०१८ मधील व्हल्कन १.१ ने काम वाटण्याचे नियंत्रण ड्रायव्हरकडून गेमच्या निर्मात्याकडे सोपवले. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डेही एकत्र वापरता येऊ लागली. २०१६ मधील ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या गेममध्ये एनव्हिडिया आणि एएमडी यांची कार्डे एकत्र चालत. मात्र आता प्रत्येक निर्मात्याला ही सोय स्वतः घडवावी लागणार होती आणि ते कष्ट मोजक्याच निर्मात्यांनी घेतले.

कंपन्यांनीही टप्प्याटप्प्याने माघार घेतली. २०१६ मध्ये जीफोर्स १० मालिकेत गेमसाठीची एसएलआय दोन कार्डांपुरती मर्यादित झाली आणि जीटीएक्स १०६० सारख्या मध्यम किमतीच्या कार्डावर ती मुळातच दिली गेली नाही. २०१७ मध्ये एएमडीने डायरेक्टएक्स १२ साठी क्रॉसफायर हे नाव वापरणे सोडले आणि २०१९ मधील रेडिऑन आरएक्स ५७०० मालिकेत क्रॉसफायरची सोय नव्हती. आरटीएक्स ३० मालिकेत केवळ आरटीएक्स ३०९० सारख्या सर्वांत महागड्या गटातील कार्डांनाच जोडणीची सोय उरली. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठीही एसएलआयची नवी प्रोफाइले दिली जाणार नाहीत, असे एनव्हिडियाने २०२० मध्ये जाहीर केले. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० वर अशी जोडणी नाही.

## सद्यस्थितीतील उपयोग

गेमसाठी मागे पडलेली ही कल्पना इतर क्षेत्रांत टिकून आहे. ज्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, तेथे दोन कार्डांचा लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो. ब्लेंडर या आज्ञावलीतील सायकल्ससारखी प्रस्तुतीकरणाची साधने एका चित्राचे काम अनेक कार्डांत सहज वाटतात. तेथे काही मिलिसेकंदांच्या मुदतीचे बंधन नसते, त्यामुळे अडखळ किंवा विलंब हे प्रश्न उद्भवत नाहीत. मात्र पूर्ण दृश्य सर्वसाधारणपणे प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावावे लागते.

यंत्र शिक्षणातही अनेक कार्डांचा वापर रूढ आहे. मोठ्या भाषा प्रतिमानाचे काही थर एका कार्डावर आणि उरलेले दुसऱ्या कार्डावर ठेवता येतात. अशा वापरात दोन्ही कार्डांची मेमरी एकत्रितपणे कामी येते, जे गेमच्या बाबतीत शक्य नव्हते.

गेम खेळताना दुसरे कार्ड पूर्णपणे निरुपयोगी असते असेही नाही. अधिक पडदे जोडणे किंवा खेळाचे मुद्रण व थेट प्रक्षेपण करणे अशी वेगळी कामे त्याच्याकडे सोपवता येतात. काही आज्ञावल्या दोन खऱ्या फ्रेम्सच्या दरम्यान कृत्रिम फ्रेम निर्माण करण्याचे काम दुसऱ्या कार्डावर करतात. या सर्व उपयोगांत एसएलआय किंवा क्रॉसफायरची गरज नसते आणि मुख्य चित्रण एकाच कार्डावर होते.

## निवडीचे निकष

एक की दोन कार्डे हे ठरवताना पुढील बाबी निर्णायक ठरतात.

* कामाचे स्वरूप : गेमसाठी एक शक्तिशाली कार्ड श्रेयस्कर ठरते. प्रस्तुतीकरण, यंत्र शिक्षण अशा विभाजनक्षम कामांसाठी दोन कार्डे किफायतशीर ठरू शकतात.
* खरा अडसर : कमी वेगाचे कारण मुख्य प्रोसेसर किंवा कार्डाची अपुरी मेमरी असल्यास तसेच दुसरे कार्ड लावून गेममध्ये सुधारणा होत नाही.
* जुने कार्ड : ज्यांच्याकडे एसएलआय किंवा क्रॉसफायरची सोय असलेले जुने कार्ड आहे आणि जे प्रामुख्याने त्याच काळातील गेम खेळतात, त्यांना स्वस्तात मिळालेले दुसरे कार्ड उपयोगी पडू शकते. मात्र त्या ठरावीक गेमसाठी प्रोफाइल उपलब्ध असणे आवश्यक असते.
* एकूण खर्च : दुसऱ्या कार्डाच्या किमतीत एसएमपीएस, कॅबिनेटमधील हवा खेळती ठेवण्याची सोय, ब्रिज आणि वाढीव वीज यांचा खर्चही धरावा लागतो. एक नवे कार्ड घेताना जुने कार्ड विकून आलेली रक्कम या हिशेबातून वजा होते.
* पुढील वाढ : एका कार्डाच्या जागी पुढे अधिक चांगले कार्ड बसवता येते. दोन कार्डांची जोडी मात्र पुढील वेळी संपूर्णच बदलावी लागते.